विमान येईपर्यंत

देवा, पांडुरंगा,

तू सगळीकडे असतोस म्हणतात, त्यामुळे अंतर म्हणजे काय हे तुला कळायचं कारण नाही. आम्हाला कळतं. क्वीन्सलँडच्या पश्चिमेला, ज्या गावात मी डॉक्टरकी करते, तिथे अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही, तासांत सांगतात. शेजारी दीड तासावर. मोठं दुकान तीन तासांवर. हृदयाचा तज्ज्ञ किनाऱ्यावरच्या शहरात, म्हणजे पहाटे निघालं तर रात्री, तेही मधल्या नद्यांनी वाट दिली तर. माझ्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, चालण्याचं महत्त्व मला सांगू नकोस. इथे मात्र चालायचं नसतं. गाडी बंद पडली तर गाडीच्या सावलीला बसून राहायचं, हा इथला पहिला धडा. जो चालत निघाला, त्याची गाडी आधी सापडते आणि तो नंतर.

म्हणून अंतर कमी कर असं माझं मागणं नाही. ही भूमी तू एवढी पसरून ठेवलीस त्यात तुझं काही असेल. मागणं आहे ते या अंतराच्या पोटात राहणाऱ्यांसाठी, आणि ते ओलांडून दुसऱ्याच्या दाराशी जाणाऱ्यांसाठी. पण त्याआधी तुझ्याकडे एक जुना हिशेब निघतो.

१९१७ सालचा जिमी डार्सी तुला आठवत असेल. पश्चिम ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागात गुरं राखणारा तरुण. घोड्यावरून पडला आणि त्याचं मूत्राशय फाटलं. सोबत्यांनी त्याला गाडीत घालून हॉल्स क्रीक गावात आणलं. गावात डॉक्टर नव्हता, पोस्टमास्तर होता. टकेट त्याचं नाव, आणि त्याला प्रथमोपचार तेवढे येत होते. त्याने तारेवरून पर्थच्या डॉ. हॉलंडना गाठलं. एवढ्या लांब बसलेल्या त्या डॉक्टरांनी तारेच्या कट्ट-कडकट्टमधून शस्त्रक्रिया सांगितली, आणि पोस्टमास्तरने ती खिशातल्या चाकूने केली. भूल द्यायला काही नव्हतं. मी शल्यक्रियेचे ताण पाहिलेत देवा, पण चाकू ठेवून तारेच्या यंत्राकडे जायचं, उत्तर उतरवून घ्यायचं आणि परत चाकू उचलायचा, ही कल्पना मला अजून सोसत नाही. शस्त्रक्रिया जमली. पण डार्सी सुधारेना, तेव्हा हॉलंड स्वतः निघाले. गुरं वाहणाऱ्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने वर, मग वाटेत बंद पडत राहणाऱ्या मोटारीने आत. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशी डार्सी गेला होता. मलेरियाने घात केला.

एक दिवस, पांडुरंगा. अठ्ठावीस युगांच्या शिलकीतून तुला एक दिवस काढता आला नाही?

तू काढला नाहीस, मग माणसांनी काढला. जॉन फ्लिन नावाचा एक प्रेस्बिटेरियन पाद्री या आतल्या मुलखासाठी १९१२ पासून दवाखाने उभे करत होता. त्याला क्लिफर्ड पील नावाच्या मुलाचं पत्र आलं. वैद्यकीचं शिक्षण अर्धवट टाकून महायुद्धात वैमानिक झालेला हा मुलगा. आजाऱ्यापर्यंत डॉक्टर विमानाने नेता येईल, खर्च असा येईल, पल्ला इतका लागेल, असं त्याने आकडे मांडून लिहिलं होतं. १९१८ साली तो फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. आपल्या पत्राचं काय झालं ते त्याला कधी कळलं नाही. फ्लिनला पैसे जमवायला आणि लोकांना पटवायला पुढे दहा वर्षं लागली. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून डॉक्टर घेऊन पहिलं विमान उडालं आणि ज्युलिया क्रीकला उतरलं. विमान क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं होतं. पुढच्याच वर्षी ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने पायडल मारून चालणारा रेडिओ बसवायला सुरुवात केली, म्हणजे वीज नसलेल्या घरातली बाई पायांनी वीज करून डॉक्टरला हाक मारू लागली.

त्या रेडिओसाठी तुझे आभार मानायचे राहिलेत. आजाराच्या हाका संपल्या की त्याच लहरींवर ठरलेल्या वेळी बायका गप्पा मारायच्या. पाऊस कुणाकडे पडला, केक कुणाचा बसला, कुणाच्या नवऱ्याचं पाठदुखणं कुठवर आलं. गलाह नावाच्या गुलाबी-करड्या काकाकुवांचे थवे इथे फार कलकलाट करतात. त्यांचंच नाव त्या गप्पांना पडलं. नाव ठेवणारा पुरुषच असणार. पण महिनामहिना दुसऱ्या बाईचं तोंड न दिसणाऱ्या बायकांना त्या अर्ध्या तासाने वेडं होण्यापासून वाचवलं असेल. तेवढं आम्हा डॉक्टरांच्या औषधांनी वाचवलं नसेल.

आता पायडल गेलं, उपग्रह आले. दूरच्या स्टेशनांवर, म्हणजे गुरांच्या त्या अफाट मळ्यांवर, फ्लाइंग डॉक्टर नावाच्या त्या विमानसेवेची औषधपेटी अजून असते. आतल्या प्रत्येक औषधाला नंबर. रात्री दोनला फोन येतो. पलीकडे सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, सोबत्याच्या अंगावर बैल गेलेला. मी शरीराचं आकडे घातलेलं चित्र समोर धरायला सांगते आणि विचारते, दुखतंय ते कोणत्या आकड्यावर? मग पेटीतला अमुक नंबर दे, इतका दे, आणि माझ्याशी बोलत राहा. त्याचा आवाज कापत असतो आणि माझा कापू नये म्हणून मी तुझं नाव घेते. देवा, अशा रात्री त्या पोराच्या बोटांना योग्य नंबर सापडू दे. आणि मला ऐकू येतंय तेच खरं असू दे.

विमान निघालं की धावपट्टीचं काम. कच्ची पट्टी, मातीची. डब्यांत टॉयलेट पेपरचे गुंडाळे डिझेलमध्ये भिजवून ठेवायचे आणि दोन्ही कडांना पेटवायचे. कधी मालकीणबाई, कधी स्वयंपाकी, कधी सुट्टीवर आलेली शाळकरी मुलगी, जी असेल ती धावते. लक्ष्मीपूजनाला अंगणात पणत्या मांडाव्यात तशी ती ओळ दिसते. त्याआधी एकजण गाडी घेऊन पट्टीवरून मागेपुढे फिरतो, कांगारू हाकलायला. वैमानिकाला त्या दोन ओळींच्या मधला काळोख नेमका दिसू दे. आणि कांगारूंना, तुझीच लेकरं ती, पाच मिनिटं दुसरीकडे गवत दाखव.

एवढं सगळं झाल्यावर फ्लिनला संत म्हणायचा मोह होतो. त्याचं चित्र वीस डॉलरच्या नोटेवर आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः गोरी कुटुंबं होती, या देशाच्या मूळ माणसांना त्याच्या मायेत बरोबरीची जागा नव्हती, असा आक्षेप घेतात आणि तो खोडून काढता येत नाही. आणि मग त्या धोंड्याची गोष्ट आहे. फ्लिन १९५१ साली गेला. ॲलिस स्प्रिंग्ज शहराजवळ त्याची समाधी बांधली आणि तिच्यावर ठेवायला शेकडो किलोमीटर उत्तरेकडून एक अजस्र गोल धोंडा उचलून आणला. धोंडा कार्लू कार्लूचा. वारुमुंगू आणि कायटेच लोकांचं ते पवित्र ठिकाण. त्यांना कुणी विचारलं नाही. माणूस भला होता, समाधी साजेशी हवी, दगड छान आहे, उचला.

तुझ्या पायाखालची वीट कुणी अशी उचलून नेली असती, एखाद्या खरोखरच थोर माणसाच्या समाधीला, तर आम्ही काय केलं असतं? त्या लोकांनी काही जाळलं नाही, फोडलं नाही. ते सांगत राहिले. १९९९ साली धोंडा आपल्या जागी परत गेला. समाधी उघडी पडू नये म्हणून ॲलिस स्प्रिंग्जच्या अरेर्न्ते लोकांनी आपल्या भूमीतला दुसरा धोंडा दिला. माझी मागणी अशी की, चांगलं काम करणाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, विचारायची बुद्धी दे. वाईट माणसांसाठी कायदे आहेत. उपकार करायला निघालेल्यांना अडवणारं कुणी नसतं.

पिंतुपी लोकांचं किंतोर हे गाव तू पाहिलं असशील. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटर, लाल वाळवंटात. तिथल्या म्हाताऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेणं, आणि यंत्र ॲलिस स्प्रिंग्जला. म्हणजे आपली भूमी, नातवंडं, विधी, सगळं सोडून शहराच्या कडेला कुणाच्या तरी ओसरीत जगायचं आणि तिथेच मरायचं. आमच्या वैद्यकशास्त्राच्या वहीत हा उपचार यशस्वी म्हणून लिहिला जातो. रक्त शुद्ध, रोगी जिवंत. रोगी कशासाठी जिवंत, असा रकाना त्या वहीत नाही.

यंत्र गावात आणा म्हटलं तर ते परवडणारं नव्हतं. मग त्या लोकांनी काय केलं? त्यांना चित्रं काढता येत होती. किंतोर आणि किविरकुरा इथल्या चित्रकारांनी एकत्र बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले, बायकांनी वेगळे, पुरुषांनी वेगळे. २००० साली सिडनीच्या आर्ट गॅलरीत लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांच्या वर पैसे उभे राहिले. त्यातून संस्था झाली, आज तिला सगळे पर्पल हाऊस म्हणतात, आणि २००४ साली किंतोरमध्येच यंत्र सुरू झालं. ज्या भूमीची चित्रं काढली, त्या भूमीवर परत जाता यावं म्हणून ती चित्रं विकली. पंढरीनाथा, जगाच्या कलेच्या इतिहासात याच्या तोडीचं काही असेल तर मला दाखव.

यावरून कळतं की ज्याला आम्ही दूर म्हणतो ते आमच्यापासून दूर. किंतोरच्या आजीला सिडनी दूर आहे, आणि तिथे काही विशेष नाही असंही तिचं मत असतं. गुरिंजी लोकांचा म्होरक्या व्हिन्सेंट लिंगियारी याला हे नीट ठाऊक होतं. १९६६ च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिल स्टेशनवरून दोनशेच्या आसपास गुरिंजी माणसं, बायका आणि पोरं त्याच्यामागून चालत निघाली. स्टेशन लंडनच्या लॉर्ड व्हेस्टींचं. घोड्यावर बसून त्यांची गुरं राखणाऱ्या गुरिंजींचा पगार गोऱ्या गड्याच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नव्हता. लोकांना वाटलं संप मजुरीसाठी आहे. त्यांना भूमी हवी होती. नऊ वर्षांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः तिथे आले आणि त्यांनी लिंगियारीच्या तळहातावर माती ओतली. तो फोटो आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर आहे. मधल्या काळात समान वेतनाचा निकाल लागू झाला, आणि पुष्कळ स्टेशनवाल्यांनी समान वेतन देण्यापेक्षा त्या माणसांना काढून टाकणं पसंत केलं. न्याय आला आणि काम गेलं. त्यांची नातवंडं माझ्याकडे येतात. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेलं हृदय वीस वर्षांच्या पोरीच्या छातीत ऐकू येतं तेव्हा, देवा, मी तुझ्याशी बोलत नाही. श्रीमंत देशात हा रोग राहायलाच नको होता.

उंटवाल्यांसाठी एक मागणं आहे. त्यांच्यासाठी कुणी मागणारं उरलं नाही. १८६० साली या खंडाचा आतला मुलूख पाहायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट आले, उंटांबरोबर माणसं आली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे आपल्याच सरकारच्या हद्दीतून ते निघाले म्हणायचे. पुढे हजारोंनी आले. पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी, सगळ्यांना इथे सरसकट अफगाण म्हटलं. तारेचे खांब, रेल्वेचं सामान, पिठाची पोती, लोकरीचे गठ्ठे त्यांनी वाळवंटातून वाहिले. मरी गावात रुळांच्या एका बाजूला गोरे राहायचे आणि दुसऱ्या बाजूला हे लोक आणि मूळ रहिवासी. तिथे त्यांनी मातीची मशीद बांधली होती. मोटारी आल्यावर उंट नकोसे झाले, उंटवालेही. पुष्कळांना नागरिकत्व मिळालंच नाही. त्यांच्या कबरींवरची वाळू, जमेल तेव्हा, एका बाजूला कर. त्यांचा देव वेगळा होता असं म्हणून टाळू नकोस. तू तसं म्हणणारा नाहीस.

आता पावसाचं. हे बोलायला मला अवघड जातं, कारण माझे आजोबा बीड जिल्ह्यात आयुष्यभर तुझ्याकडे पाऊसच मागत आले. इथेही मागतात, चर्चमध्ये. कैक वर्षांच्या दुष्काळानंतर २०१९ च्या जानेवारीअखेरीला ज्युलिया क्रीक, रिचमंड, क्लॉनकरी भागात ढग आले. लोक अंगणात येऊन नाचले. मग तो थांबेना. वर्षभराचा पाऊस आठवड्याभरात आणि त्यावर गार वारा. दुष्काळाने आधीच हाडं निघालेली गुरं चिखलात रुतली, थंडीने गारठली, उंचवट्यांवर दाटी करून उभ्याउभ्या मेली. सुमारे पाच लाख. पाणी ओसरल्यावर मालक हेलिकॉप्टरने फिरले आणि कुंपणाच्या तारांना लागून पडलेला आपला कळप त्यांनी वरून पाहिला. पिढ्यांनी निवडून निवडून वाढवलेला कळप. देताना एवढा सैल हात कशाला? दोन्ही वेळा तुझं मोजमाप चुकतं, आमच्या मराठवाड्यातही आणि इथेही.

अशा माणसाकडे मी जाते तेव्हा तो म्हणतो, ‘वाईट नाही.’ कसं आहे विचारलं की एवढंच. ही माणसं मोडलेला हात घेऊन चार तास गाडी चालवतात आणि ‘जरा दुखतंय’ म्हणतात. मन मोडलं तर काय सांगणार? शहरापासून जितकं लांब, तितकं आपला जीव घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जास्त, हे इथले सरकारी आकडेही सांगतात. माझ्या माहेरच्या गावातही हे घडलं आहे, आणि तिथेही आदल्या दिवशी सगळं ठीकच होतं. मला तुझ्याकडून चमत्कार नको. त्या रात्री त्याच्याकडे कुणाचा तरी फोन जाऊ दे. पंप बिघडलाय, येतोस का, असा. कामाला बोलावलं तर हा माणूस येतो. मदतीला बोलावलं तरच येतो, मदत घ्यायला येत नाही. एवढी त्याची खोड तू ओळखून ठेव.

बाकीचं भराभर सांगते, रात्र फार झाली. लहान गावांतले प्रसूतीचे विभाग बंद झाले, त्यामुळे बायकांना शेवटचे काही आठवडे परक्या शहरात जाऊन दिवस मोजत बसावं लागतं, त्यांच्याजवळ बस. ॲलिस स्प्रिंग्जची हवेतली, म्हणजे दुरून भरणारी शाळा १९५१ पासून चालू आहे, तेरा लाख चौरस किलोमीटरांत विखुरलेली मुलं, म्हणजे चार महाराष्ट्रांचा एक वर्ग; त्यांचं इंटरनेट टिकू दे आणि वर्षातून एकदोनदा सगळी एकत्र जमतात तेव्हा कुणाला कांजिण्या होऊ देऊ नकोस. रोड ट्रेन, म्हणजे पन्नास मीटर लांबीचा जोडट्रक, हाकणाऱ्याला पहाटे डुलकी येऊ देऊ नकोस. वणव्यात फुकट झुंजणाऱ्या शेतकऱ्यांना वाऱ्याची दिशा आधी सांग. स्कोन भाजून, चहा विकून दवाखान्याला यंत्रं घेऊन देणाऱ्या बायकांच्या मंडळाला नव्या सभासद मिळू देत. सगळ्या सत्तरीच्या पुढे गेल्यात. जमिनीखालचं ते गंधकाच्या वासाचं, लाखो वर्षं साठलेलं ऊन पाणी आम्ही बोअरमधून उपसतोय, त्याला तळ आहे हे आम्हाला वेळेत कळू दे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायची इथली पद्धत आहे, ती मोडू नकोस.

आणि आमचं. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करायचं, असा इथला नियम आहे. म्हणून मुंबई, लाहोर, लागोस, कोलंबोची माणसं या धुळीत भेटतात. आम्हाला कुणी सेवाभावी म्हणू नये; नियमाने आलो. नंतर कुणी राहिलं तर त्याला दुसरं नाव देता येईल. पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवा डॉक्टर येतोय. नागपूरचा आहे, म्हणजे उन्हाचं तो बघून घेईल, माश्यांचं तू बघ. त्याच्या बायकोला इथे तिच्या शिक्षणाचं काम मिळू दे, नाहीतर ती दोघं सहा महिन्यांत ब्रिस्बेनला पळतील आणि पेशंटांना आपली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून तिसऱ्याच माणसाला सांगावी लागेल. त्याला निदान दोन उन्हाळे काढू दे. आणि तो रुळला की यंदा गणपतीला मला दहा दिवसांची सुट्टी मिळू दे. मागतेय तुझ्याकडे आणि जायचंय त्याच्याकडे, हे मला कळतंय. तुम्ही दोघं आपसात बघून घ्या.